सिमेंट, पियानो आणि गव्हर्नरची खुर्ची

लुईस फेरे यांचा धंदा सिमेंटचा, हात मात्र पियानोवर बसलेला. त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या होत्या. १९०४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर, पोन्से शहरात जन्मलेला हा माणूस एमआयटीतून इंजिनीअर होऊन परतला आणि भावांबरोबर घरचा उद्योग वाढवत राहिला.

हे बेट अमेरिकेने १८९८ मध्ये स्पेनकडून घेतलं. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, पण स्वतःचा गव्हर्नर निवडायला १९४८ साल उजाडावं लागलं. बेट अमेरिकेचं, तरी अमेरिकेचं राज्य नाही! फेरे यांना ते राज्य व्हायला हवं होतं. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन वेळा ते गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. १९६७ मध्ये त्यांनी नवा पक्ष काढला. पुढच्याच वर्षी सत्ताधारी पक्ष फुटला आणि फेरे जिंकले. चिकाटीला नशिबाची साथ मिळाली, असंच म्हणायला हवं.

गंमत पुढेच आहे. पत्नी आजारी असल्याने गव्हर्नरांच्या घरचं यजमानपद कन्येकडे आलं. ही कन्या म्हणजे पुढे नावाजलेली लेखिका रोसारिओ फेरे. आणि तिचा कल तेव्हा बेटाच्या स्वातंत्र्याकडे! बाप अमेरिकेत पुरतं सामील व्हायला निघालेला, लेक वेगळं व्हायच्या बाजूची, आणि दोघं एकाच घरात पाहुण्यांचं स्वागत करताहेत.

कामगारांना नाताळचा बोनस देणं मालकांवर बंधनकारक करणारा कायदा १९६९ मध्ये याच कारखानदाराच्या कारकिर्दीत झाला. तरीही १९७२ मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवलं.

मला थक्क करते ती त्यांची नजर. १९५९ मध्ये त्यांनी पोन्सेत कलासंग्रहालय काढलं. व्हिक्टोरियन चित्रांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं. अशा काळात, १९६३ मध्ये, लॉर्ड लेटन यांचं ‘फ्लेमिंग जून’ त्यांनी लंडनमधून जेमतेम २,००० पौंडांत उचललं. नारिंगी वस्त्रातली ती झोपलेली तरुणी आज जगभर ओळखली जाते, आणि तिचं घर पोन्से आहे.

फेरे २००३ मध्ये, ९९व्या वर्षी गेले. सान हुआनहून पोन्सेला जाणाऱ्या महामार्गाला त्यांचं नाव आहे. पोर्तो रिको मात्र अजूनही अमेरिकेचं राज्य नाही आणि बेटावर राहणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही.