पाव इंच की अर्धा इंच?

शाळेत असताना जिम कॉर्बेटच्या शिकारकथा वाचल्या, तेव्हा एका आकड्याने मला बरेच दिवस छळलं. '४५०/४००'. वाघ कळत होता, मचाण कळत होतं, पण हा अपूर्णांक कशाचा? माझी समजूत अशी, की साहेबाकडे दोन बंदुका असाव्यात आणि तो त्या आळीपाळीने वापरत असावा. खरा अर्थ कळायला मध्ये तीसेक वर्षं गेली: .४५० च्या काडतुसाचं तोंड आवळून त्यात .४०० ची गोळी बसवलेली. जत्रेतल्या फुग्यांपलीकडे मी कधी नेम धरलेला नाही आणि जनावर मारायची हौसही नाही. पण या आकड्यांचा माग काढत मी कुमाऊंमधून आफ्रिकेत पोचलो आणि तिथे शतकभर चाललेला एक वाद सापडला. हत्ती, गेंडा, सिंह किंवा केप बफेलो म्हणतात तो रानरेडा, अशा उलटून अंगावर येणाऱ्या जनावरासमोर गोळी किती जाडीची हवी?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास, इंचात मोजलेला. .५०० म्हणजे अर्धा इंच, .२७५ म्हणजे पाव इंचाहून जरा जास्त. या आकड्यांवर फार विसंबू नये; .२७५ ची गोळी प्रत्यक्षात .२८४ इंचाची असते. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो.

काळ्या दारूच्या काळात वाद नव्हताच. त्या दारूने गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, म्हणून वजन वाढवायचं. १८७१ साली दक्षिण आफ्रिकेत उतरलेला फ्रेडरिक सेलस हत्तींवर 'फोर बोअर' बंदूक चालवायचा. 'फोर' म्हणजे एका पौंड शिशात चार गोळ्या, एकेक पाव पौंडाची. तिच्या धक्क्यांनी आपला नेम कायमचा बिघडला, अशी खंत त्याने पुढे लिहून ठेवली आहे. मग धूर न करणारी दारू आली आणि १८९८ मध्ये रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्सप्रेस काढली. ४८० ग्रेनची, म्हणजे जेमतेम एकतीस ग्रॅमची गोळी सेकंदाला २,१५० फूट वेगाने जाऊ लागली आणि पाव पौंडाचं शिसं निकालात निघालं.

इथे आपल्याकडचा एक धागा येतो. आफ्रिकेतल्या नावाजलेल्या दुनळी रायफलींचे आकडे विचित्र आहेत: .४६५, .४७०, .४७५, .४७६. एवढ्या बारीक फरकाने हत्तीला काय कळणार? कारण हत्तीत नाहीच, ते हिंदुस्थान सरकारच्या हुकुमात आहे. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५० च्याच होत्या. शिकाऱ्यांसाठी येणारा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल या भीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात .४५० वर बंदी घातली. संस्थानिक आणि गोरे अंमलदार हे लंडनच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी गोळी जराशी जाड केली, वजन आणि वेग जवळपास तेच ठेवले आणि हुकूम पाळला. बंदीच्या वहीतून निघालेली .४७० पुढे आफ्रिकेतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांची आवडती ठरली.

याच काळात युगांडाच्या ईशान्येला, करामोजात, डब्ल्यू. डी. एम. बेल नावाचा स्कॉटिश माणूस हस्तिदंतासाठी फिरत होता. त्याच्या नावावर हजाराहून अधिक हत्ती आहेत आणि त्यातले बहुतेक त्याने .२७५ ने मारले. सशस्त्र शिपायाच्या हातात असावी तशी ती हलकी रायफल. कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीबद्दल १९०७ मध्ये भेट मिळाली ती रिग्बी याच कॅलिबरची.

बेलचा हिशोब धंद्याचा होता. जड बंदूक दिवसभर वाहून माणूस थकतो आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतो. मग त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू कुठे बसतो ते नीट पाहिलं. समोरून दिसणारं भव्य कपाळ हे बव्हंशी मधाच्या पोळ्यासारखं पोकळ हाड. मेंदू बराच मागे आणि खाली, कानांच्या मधोमध. तिथवर पोचणारी कुठलीही गोळी पुरे.

ही निव्वळ बढाई नव्हती. गोळी किती खोल शिरेल हे तिची जाडी एकटी ठरवत नाही. जाडीच्या मानाने तिचं वजन किती, हे पाहावं लागतं. वजन पौंडांत घेऊन त्याला व्यासाच्या वर्गाने भागायचं. बेलच्या १७५ ग्रेनच्या गोळीचं उत्तर येतं .३१०. होलंड अँड होलंडने १९१२ मध्ये काढलेल्या .३७५ मॅग्नमच्या ३०० ग्रेनच्या गोळीचं येतं .३०५. हे गणित मी वहीच्या मागच्या पानावर तीनदा तपासलं, कारण विश्वास बसेना. गोळी मात्र पूर्ण धातूच्या आवरणाची, न फुलणारी 'सॉलिड' हवी.

मग सगळ्यांनीच .२७५ का घेतली नाही? याचं उत्तर जॉन टेलरच्या सूत्रात आहे. १९४८ मध्ये 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' लिहिणाऱ्या या गृहस्थाने गोळीचं वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याला सात हजारांनी भागलं आणि त्याला 'नॉक-आउट' मूल्य म्हटलं. .२७५ ला सोळाच्या आसपास मिळतात, .३७५ ला चाळीस, .४७० ला सत्तरीच्या पुढे, ९०० ग्रेनच्या .६०० ला दीडशेच्या घरात. लोक हे आकडे मारकशक्तीचे समजतात. टेलरला अभिप्रेत होतं ते वेगळंच: डोक्यावर झाडलेली गोळी मेंदूला चुकवून शेजारून गेली, तर हत्ती किती वेळ सुन्न पडेल? म्हणजे सूत्र चुकलेल्या नेमाचं आहे. बेलला त्याची गरज क्वचित पडे. उघड्या माळावर मनासारखा कोन मिळेपर्यंत तो थांबू शके. दहा दिवसांच्या सफारीवर आलेल्या पाहुण्याला घनदाट झाडीत वीस पावलांवर ती पडते.

आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या कायद्यांनी मोठ्या जनावरांसाठी .३७५ किंवा त्याच्या आसपासची किमान मर्यादा घातली, ती मला याच कारणासाठी शहाणपणाची वाटते. धक्का सामान्य माणसाला सोसवतो, खोली बेलइतकीच मिळते आणि चुकीला थोडी जागा राहते. त्यावरच्या पायरीवर १९११ ची .४१६ रिग्बी आहे. मला विचाराल तर सरावलेल्या माणसासाठी सगळ्यात समतोल तीच.

नुसता जाड आकडा कसा दगा देतो, तेही सांगायला हवं. १९५६ मध्ये आलेली .४५८ विंचेस्टर कागदावर जुन्या दुनळींच्या तोडीची होती. पण आखूड काडतुसात दारू दाबून भरावी लागे, कधी तिचा गठ्ठा होई आणि गोळी पुरेशा वेगाने निघत नसे. जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने तुडवलं, तेव्हा त्याच्या हाती हीच होती. त्याने पुढे काडतूस तीन दशांश इंचाने लांब करून १९७१ मध्ये .४५८ लॉट घडवली.

सॉलिडचीही दुसरी बाजू आहे. सिंहाची कातडी पातळ, त्याला आत फुलणारी मऊ टोकाची गोळी लागते. सॉलिड आरपार निघून जाऊ शकते. हेमिंग्वेच्या १९३६ च्या मॅकोम्बरच्या कथेत नवखा पाहुणा .३०-०६ ची सॉलिड सिंहाच्या पोटात घालतो. कॅलिबर माहीत नसलेल्या वाचकाला तिथे फक्त भित्रेपणा दिसतो. मलाही पहिल्या वाचनात तेवढाच दिसला होता. सिंह उंच गवतात शिरतो आणि मॅकोम्बर हाकाऱ्यांना आत पाठवायचं सुचवतो. वाटाड्या विल्सन नकार देतो. तसं करणं म्हणजे त्यांचा खूनच, हे त्याला ठाऊक असतं.

जखमी जनावरामागे जाताना सर्वांत पुढे माग काढणारा असतो. त्याची नजर जमिनीवर, रक्ताच्या थेंबांवर लागलेली. बंदूक मागच्या माणसाच्या हातात असते आणि तिचं कॅलिबर ठरवताना त्याला कुणी विचारलेलं नसतं.