हृदयाची पहिली तपासणी उपकेंद्रात
भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 साली सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या मोजक्या जिल्ह्यांत भंडारा होता. उपकेंद्रातच रक्तदाब मोजून सुरुवात करण्याचा मार्ग मला योग्य वाटतो. हृदयाचा डावा खालचा कप्पा महाधमनीत रक्त ढकलतो. दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की त्याची भिंत जाड होते, धमन्या ताठरतात, आणि तोवर माणूस काही न जाणवता रोवणीला जात असतो. हे वेळीच ओळखते ती परिचारिका. रक्तदाब मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठीला टेकू द्यायचा, पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीवर. हात लोंबता राहिला तर आकडा उगीच वाढतो. नाडी अनियमित लागली तर पूर्ण मिनिट मोजायची; घोट्याजवळ अंगठा दाबून खळगा राहतो का, तेही पाहायचे.

ईसीजीशिवाय याला काय अर्थ, असे कुणी म्हणेल. ईसीजी हवाच, पण रक्तदाब वाढलेला असूनही तो पुष्कळदा नॉर्मल येतो, आणि भंडाऱ्यातल्या लाखांदूरसारख्या तालुक्यातून कुणाला पुढे पाठवायचे हे ठरवायला आधी ही मोजणीच लागते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब मोजून घ्यावा. 140/90 किंवा जास्त आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा मोजावा, आणि डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी आपल्या मनाने सोडू नये.