पहिल्या पायदानावर न पोचलेली गाणी

यंदाच्या चतुर्थीच्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी मंडळाची बैठक झाली, तेव्हा एका तरुण सभासदाने सरळ उपाय सुचवला. मोबाईलवर ज्या गाण्याला जास्त लोकांनी ऐकले असेल, तेवढीच निवडायची. म्हणजे वाद नको. यादी वाचली गेली आणि तिच्यातून 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना गळाली. "ती शाळेची प्रार्थना, काका. ती स्टेजवर कोण ऐकणार?" असे मला सांगण्यात आले. मी तेव्हा गप्प बसलो. घरी येऊन मात्र ट्रंकेतून माझ्या जुन्या वह्या काढल्या.

या वह्या १९७३ ते १९७७ या काळातल्या, बिनाका गीतमालेच्या. नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. १९५२ साली केंद्रातले नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला जवळजवळ दार बंद केले. हे गृहस्थ आपलेच, मराठी. शास्त्रीय संगीताचे भले व्हावे हा त्यांचा हेतू. परिणाम उलटा झाला. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली. सीबा या स्विस कंपनीची बिनाका टूथपेस्ट, तिची ही जाहिरात. पहिली दोन वर्षे गाण्यांना क्रमांक नव्हते, मग क्रमवारी आली आणि देशाला बुधवारी रात्री आठचे वेड लागले.

आमच्या शिरगावात तेव्हा मोजक्या घरांत रेडिओ. त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे. लघुलहरींवर आवाज लाटेसारखा जवळ येई, दूर जाई, आणि नेमका दुसरा क्रमांक सांगताना खरखर सुरू होई. क्रमांकाला सायानी 'पायदान' म्हणत. मी कंदिलाजवळ बसून सोळाही पायदाने लिहून घेई. बाबांना हा प्रकार पटत नसे. त्यांचे आवडते नौशाद. आणि मी त्यांना वह्या दाखवून ऐकवत असे की तुमच्या नौशादांचे एकही गाणे वर्षात पहिले आलेले नाही.

बोलणे उर्मट होते, पण हिशेब खरा होता. गीतमालेच्या वार्षिक याद्या पाहा. 'मदर इंडिया', 'मुग़ल-ए-आज़म', 'कोहिनूर', 'गंगा जमुना' असे सगळे करून नौशाद वार्षिक यादीच्या शिखरावर एकदाही नाहीत. 'मुग़ल-ए-आज़म' आला त्या १९६० साली पहिले आले रोशन यांचे 'बरसात की रात'चे गाणे. १९६१ ला 'ससुराल', शंकर-जयकिशन. 'गाईड'ची गाणी तर आज कोणीही दहातली दहा घेईल, पण १९६५ ला पहिले 'सहेली'चे, १९६६ ला 'सूरज'चे. १९६६ सालच्या संगीताचे फिल्मफेअरही सचिनदेव बर्मन यांना नाही, 'सूरज'लाच मिळाले. 'शोले' १९७५ चा. त्या वर्षी पहिली आली 'रोटी कपड़ा और मकान'ची महागाईवरची कव्वाली आणि पुढच्या वर्षी 'कभी कभी'. 'शोले'च्या बाबतीत गाण्यांपेक्षा संवादांच्या तबकड्यांचाच बोलबाला झाला, हा एक वेगळाच चमत्कार.

सर्वांत चटका लावणारे उदाहरण मदन मोहन यांचे. गझल म्हटली की आज पहिले नाव त्यांचे निघते. तरी वर्षामागून वर्षे गेली आणि त्यांचे गाणे वार्षिक यादीत पहिले आले नाही. १४ जुलै १९७५ ला ते गेले. आणि १९७७ ला 'लैला मजनू'मधले त्यांचे गाणे पहिले आले! माझ्या वहीत त्या नोंदीखाली दोन रेघा आहेत. संगीतकार हयात नाही, हे मला तेव्हा माहीतही नव्हते.

मग यादी खोटी होती का? नाही. ती जे मोजत होती ते नीट मोजत होती. शहरांतल्या दुकानांतून तबकड्यांच्या विक्रीचे आकडे येत. दुकानात माल संपला की विक्री थांबते, पण आवड थांबत नाही, म्हणून श्रोता संघांची आणि श्रोत्यांची मतेही धरत. म्हणजे मोजमाप दोन गोष्टींचे: कोणी पैसे मोजले आणि कोणी पत्र लिहिले. आमच्यासारख्या गावात तबकडी घेणारे किती? ग्रामोफोनच नाही तर तबकडी कशाला! गाव ऐकत होता, पण हिशेबाच्या वहीत नव्हता.

दुसरे कारण वर्षाच्या हद्दीचे. वर्षभर मिळालेल्या गुणांवर वार्षिक यादी ठरे. गाणे दिवाळीच्या सुमारास गाजू लागले तर अर्धे गुण या वर्षात, अर्धे पुढच्या, आणि दोन्हीकडे ते मधेच लटकणार. तिसरे कारण एकाच सिनेमात सहा-सात उत्तम गाणी असण्याचे. मते आपापसात वाटली जातात. ज्या सिनेमात एकच चांगले गाणे, त्याची सगळी मते एकगठ्ठा. आपल्या पंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्यांना हे वेगळे समजवायला नको.

बँकेत आम्ही ३१ मार्चची शिल्लक पाहून खूश व्हायचो. ठेवींचे लक्ष्य पुरे! २ एप्रिलला त्यातल्या कितीतरी रकमा उठून जायच्या. मुरलेला मॅनेजर म्हणूनच वर्षअखेरचा आकडा बाजूला ठेवून वर्षभराची सरासरी शिल्लक विचारायचा. वार्षिक यादीतली काही पहिली गाणी अशी ३१ मार्चची आहेत. सगळी नव्हेत. 'सूरज'चे ते गाणे आजही डिचोलीत वरात निघाली की बँडवाला वाजवतोच. ती पक्की मुदत ठेव निघाली.

इंग्रजी गाण्यांचे याहून निराळे नाही. बीटल्सच्या 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या दुहेरी तबकडीला १९६७ साली ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर थांबावे लागले. वरची जागा एंगलबर्ट हंपरडिंक यांनी अडवली होती. हे गायक जन्माने मद्रासचे बरं का! लुई आर्मस्ट्राँग यांचे 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' ब्रिटनमध्ये पहिले आले, पण त्यांच्या स्वतःच्या अमेरिकेत कंपनीच्या प्रमुखाला ते आवडले नाही, जाहिरात झाली नाही आणि हजारभर प्रतीही खपल्या नाहीत. पुढे १९८७ च्या एका सिनेमात ते वाजले, तेव्हा कुठे अमेरिकेच्या यादीत बत्तिसावे आले. आर्मस्ट्राँग १९७१ लाच गेले होते. मदन मोहन यांचीच गोष्ट, फक्त गाव वेगळे.

आता त्या गळालेल्या प्रार्थनेकडे येतो. तिचे संगीतकार वसंत देसाई. जन्म १९१२ चा, कुडाळजवळच्या सोनवड्याचा. पेडणे ओलांडले की त्यांचा मुलूख सुरू होतो. 'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा. त्या वर्षी गीतमालेत पहिले आले 'जनम जनम के फेरे'चे गाणे, पुढच्या वर्षी 'सोलवाँ साल'चे. प्रार्थना दोन्ही वर्षी शिखरावर नाही. पण ती म्हणणाऱ्यांनी तबकडी कधी विकत घेतलीच नव्हती. शाळेच्या अंगणात रांगेत उभी राहिलेली पोरे ती, त्यांची पावती कोण फाडणार? आमच्या शाळेत ती रोज होती. पुढे १९७१ च्या 'गुड्डी'साठी याच माणसाने आणखी एक प्रार्थना दिली आणि तीही देशभरच्या शाळांनी उचलली. १९७५ च्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात वसंत देसाई गेले.

शिवाय त्यांचे मराठी काम कुठल्या क्रमवारीत यायचे? गीतमाला हिंदी सिनेमाची. 'अमर भूपाळी' किंवा 'पंडितराज जगन्नाथ' नाटकाची पदे त्या यादीत बसणारच नव्हती. आपल्या गोव्यात मात्र देवळापुढच्या मांडवात, पेटीवर चार बोटे टाकता येणाऱ्या प्रत्येकाने ती गायली.

बाबा आता नाहीत. नौशादांची बाजू घेऊन ते वाद घालत नसत, नुसते हसून रेडिओचा आवाज लहान करत. सायानीही २० फेब्रुवारी २०२४ ला गेले.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी वसंत देसाईंची तीन गाणी लेखी सुचवली आहेत. दोन मंजूर झाली. प्रार्थनेवर अजून निर्णय नाही. सभासदांपैकी ज्यांनी ती शाळेत म्हटली असेल, त्यांनी रविवारी तालमीला येऊन एकदा म्हणून दाखवावी. पेटी माझ्याकडे आहे.