मॅकवरचा हॅश मागे का राहिला?

प्रोजेक्टचा कोड गिटमध्ये टाकला की चाळीस अक्षरी लांबलचक नंबर मिळतो. आपण पहिली सात अक्षरं कॉपी करून मोकळे होतो. पण गिटचा सगळा विश्वास त्या नंबरवरच असतो. फाईलचं नाव काहीही असू दे, आतला मजकूर शा-१ या हॅशमधून काढला की जो नंबर येतो, तीच तिची ओळख. उद्या कुणी दोन वेगळ्या मजकुरांचा एकच नंबर काढून दाखवला तर?

फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी नेमकं तेच करून दाखवलं. दोन वेगळ्या पीडीएफ, शा-१ एकच! (गिट मजकुराआधी स्वतःचं छोटं हेडर जोडतं, त्यामुळे त्याच दोन फाईलींनी गिट फसत नाही. पण गिटसाठी मुद्दाम तशी जोडी बनवता येईल, ही भीती खरी होती.)

मे २०१७ च्या २.१३ आवृत्तीत गिटने डिफॉल्ट बदललं. नवा कोड शा-१ चाच हिशोब करतो, पण करता करता हल्ल्याच्या खुणाही शोधतो आणि सापडल्या तर काम थांबवतो. वेळ जास्त लागतो, हे मान्य.

आता गंमत बघा. मेकफाईल आधी विचारते, "दुसरा कुठला हॅश निवडलाय का?" कुणीच काही निवडलं नसेल, तरच नवं डिफॉल्ट लागतं. मॅकसाठी मात्र अ‍ॅपलची कॉमनक्रिप्टो लायब्ररी आधीच निवडून ठेवलेली होती. अ‍ॅपलने ओपनएसएसएल नको म्हटल्यावर कंपाइल करताना वॉर्निंग यायच्या, त्या घालवायला २०१३ मध्ये केलेली ही सोय! त्यामुळे मॅकवर नुसतं 'मेक' चालवणाऱ्याला तो पहारेकरी मिळालाच नाही. एकच सोर्स कोड, पण लिनक्सवाला सुरक्षित आणि शेजारचा मॅकवाला उघडा. बरं, एरर नाही, वॉर्निंग नाही. नेहमीच्या फाईलींचे नंबर दोन्हीकडे सारखेच, मग टेस्टमध्ये तरी काय कळणार?

मार्च २०२३ च्या २.४० आवृत्तीत मॅकचं डिफॉल्ट बाकीच्यांसारखं झालं. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं गेली. माझ्या मते चूक अ‍ॅपलच्या लायब्ररीची नाही. शा-१ काढायचं काम ती चोख करत होती, पहारा द्यायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

२०२४ मध्ये गिटने वेगाचाही विचार केला. फाईलच्या शेवटी नुसता चेकसम लिहायचा असेल, तर तेवढ्यापुरता वेगवान हॅश वापरता येतो. मात्र तो बिल्ड करणाऱ्याने स्वतः मागायचा.