संगणकाच्या छोट्या आज्ञावल्या आणि आपले रुग्णालय

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात नवी यंत्रसामग्री, शस्त्रक्रिया आणि देणग्या यांची माहिती दरवर्षी दिली जाते. कार्यालयीन कामाविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. नोंदणी खिडकी, देयक विभाग व औषध भांडार येथील काम बिनचूक झाले, तर त्याची दखल कोणी घेत नाही. चुकले, तर त्याचा त्रास थेट रुग्णाला होतो. अलीकडे या कामाच्या पद्धतीत एक बदल झाला आहे. त्यासाठी मोठे यंत्र आणावे लागले नाही, की ट्रस्टवर खर्चाचा बोजा पडला नाही. हा बदल कोणता, त्याचा लाभ काय आणि त्यात कोणती दक्षता घ्यावी लागते, हे आपणांपुढे मांडावे या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

निमित्त

भाईंदर येथे राहणारे एक संगणक अभियंता आपल्या आईच्या उपचारासाठी रुग्णालयात येत असत. आईचा जुना केसपेपर शोधण्यासाठी आमच्या कर्मचाऱ्यांना किती वेळ लागतो, हे त्यांनी खिडकीपाशी उभे राहून पाहिले. तक्रार न करता त्यांनी आम्हांला भेटून विचारले, की सुट्टीच्या दिवशी येऊन या कामात काही मदत केली तर चालेल का? आपले नाव कोठेही छापू नये, एवढी एकच अट त्यांनी घातली. ती आम्ही येथेही पाळत आहोत.

आमची अपेक्षा अशी होती, की ते लगेच संगणकापुढे बसतील. प्रत्यक्षात पहिले दोन शनिवार ते नोंदणी खिडकीच्या आत स्टुलावर बसून होते. रुग्ण नाव कसे सांगतो, लिपिक ते कसे लिहितो, गर्दी वाढली की कोणता रकाना कोरा राहतो, हे त्यांनी वहीत टिपून घेतले. आज्ञावली लिहिणे हा कामातील सोपा भाग असतो. काय विचारायचे हे समजणे अवघड असते, असे त्यांचे म्हणणे होते.

स्क्रिप्ट म्हणजे काय?

अशा छोट्या आज्ञावलीस संगणक क्षेत्रात ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. बँकेला आपण स्थायी सूचना देतो, की दर महिन्याच्या ५ तारखेस अमुक खात्यातून अमुक रक्कम वर्ग करावी. स्क्रिप्टही तशीच एक लेखी सूचना असते. अमुक यादी उघड, तिच्यातील अमुक रकाना वाच, बेरीज कर आणि उत्तर या कागदावर मांड, अशा पायऱ्या तिच्यात ओळीओळीने लिहिलेल्या असतात. संगणक त्या न थकता आणि न कंटाळता पार पाडतो.

आमच्या अभियंत्यांनी यासाठी ‘पायथन’ ही संगणकीय भाषा वापरली. नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. ती कोणासही विनामूल्य वापरता येते, हे धर्मादाय संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रुग्णालयाच्या गरजेतून संगणकाचे काम घडल्याची उदाहरणे जगात पूर्वीही आहेत. अमेरिकेतील बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६६-६७ च्या सुमारास ‘मम्प्स’ ही भाषा रुग्णांच्या नोंदींसाठीच तयार करण्यात आली. पुढे तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांची नोंदणी व्यवस्था याच भाषेत उभी राहिली.

एक रुग्ण, तीन केसपेपर

पहिले काम नावांचे होते. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. येथे मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय आणि उत्तनच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. त्यामुळे एकच आडनाव शहा, शाह किंवा शाहा असे लिहिले जाते. डिसोझा, डिसूझा आणि डिसोजा ही तिन्ही रूपे आमच्या नोंदवहीत आढळतात. संगणकाला मात्र एका अक्षराचा फरक म्हणजे वेगळा माणूस.

याचा परिणाम केवळ शोधाशोध वाढण्यापुरता नसतो. उत्तन परिसरातील एका वयस्क भगिनींचे तीन वेगवेगळे केसपेपर आमच्याकडे तयार झाले होते. त्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद सर्वांत जुन्या केसपेपरवर होती आणि त्या दिवशी डॉक्टरांपुढे नवा केसपेपर गेला होता. परिचारिकेने इंजेक्शनापूर्वी नेहमीच्या शिस्तीने तोंडी विचारले, म्हणून अनर्थ टळला. ही उणीव आमची होती. तिची कबुली देणे आम्हांस आवश्यक वाटते.

सारखी वाटणारी नावे जुळवण्याची एक जुनी पद्धत ‘साउंडेक्स’ या नावाने ओळखली जाते. रॉबर्ट रसेल यांनी अमेरिकेत १९१८ साली तिचे पेटंट घेतले. १९३० च्या दशकात तेथील जुन्या जनगणनांतील नावांची सूची याच पद्धतीने करण्यात आली. तिचा नियम सोपा आहे. रोमन लिपीतील नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. असे एक अक्षर आणि तीन अंक मिळून नावाचा संकेतांक होतो. अंक कमी पडल्यास शून्ये भरतात. शहा आणि शाह यांचा संकेतांक त्यामुळे एकच येतो. डिसोझा आडनावाची बहुतेक रूपेही एकत्र येतात.

परंतु अमेरिकन नावांसाठी केलेला नियम भाईंदरमध्ये किती चालेल, याची परीक्षा लगेचच झाली. ‘पाटील’ आणि ‘पटेल’ या दोन्ही आडनावांचा संकेतांक ‘पी ३४०’ असाच येतो, कारण त्यांच्यात फरक असतो तो स्वरांचा आणि स्वर तर गाळले जातात. ‘शाह’ आणि ‘साहू’ हेही या पद्धतीने एकच ठरतात. स्क्रिप्टला केसपेपर आपोआप एकत्र करण्याची मुभा दिली असती, तर एका रुग्णाचा रक्तगट दुसऱ्याच्या कागदावर जाण्याचा धोका होता. तीन केसपेपर असण्यापेक्षा दोन माणसांचा एक केसपेपर असणे अधिक घातक आहे.

म्हणून येथे एक निर्णय घेण्यात आला. स्क्रिप्ट केवळ सुचवते, ठरवत नाही. नाव, जन्मवर्ष, राहण्याचा भाग आणि भ्रमणध्वनी क्रमांक पडताळून ती संशयित जोड्यांची यादी छापते. भ्रमणध्वनी क्रमांकावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण अनेक घरांत सर्वांसाठी एकच क्रमांक दिलेला असतो. यादीतील प्रत्येक जोडीबाबत आमचा कर्मचारी रुग्णास किंवा नातेवाइकास प्रत्यक्ष विचारतो आणि त्यानंतरच केसपेपर एकत्र केले जातात. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक सोबत असल्यास हे काम सुकर होते. परंतु प्रत्येक रुग्ण तो घेऊन येतोच असे नाही.

निर्धन रुग्ण निधीचा हिशेब

दुसरे काम धर्मादाय जबाबदारीचे होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. या दोन घटकांतील रुग्ण वगळता इतरांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. उदाहरणार्थ, इतर रुग्णांची देयके १० लाख रुपयांची झाली, तर २० हजार रुपये या निधीत जातात.

हा हिशेब पूर्वी महिनाअखेरीस हाताने होत असे. त्यामुळे निधीत आज किती शिल्लक आहे, हे महिन्याच्या मध्यावर निश्चित सांगता येत नसे आणि दारी आलेल्या गरजू कुटुंबाला थांबावे लागे. आता स्क्रिप्ट रोज रात्री हा आकडा काढते आणि सकाळी तो समाजसेवा विभागाच्या टेबलावर असतो.

पहिल्याच महिन्यात मात्र स्क्रिप्टची बेरीज आमच्या खतावणीपेक्षा अधिक आली. शोध घेता असे दिसले, की रद्द करून पुन्हा काढलेली देयके स्क्रिप्ट दोनदा धरत होती. संगणकाने दोष दाखवला नव्हता. त्याच्या लेखी सर्व काही सुरळीत होते. यावर अभियंत्यांनी स्वतःच आग्रह धरला, की तीन महिने दोन्ही पद्धतींनी हिशेब करावा आणि आकडे सलग जुळले तरच हाताचे काम थांबवावे. आम्ही तसेच केले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीच शिकवतात, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहेच असे नव्हे. रक्कम चुकीच्या खात्यात गेली, तरी दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात. स्क्रिप्टचेही तसेच आहे. ती न अडखळता पूर्ण झाली, याचा अर्थ तिने योग्य काम केले असा होत नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या काळात याचा मोठा प्रत्यय आला. तपासणीचे निकाल जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये भरले जात होते. अशा फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. जागा संपल्यावर उरलेल्या नोंदी गळाल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीत आली नाही. त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोधही त्यामुळे लांबला.

वहीचे महत्त्व

तिसरे काम दिवसभराच्या नोंदींची प्रत रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याचे. या नोंदी रुग्णालयाबाहेर जात नाहीत. रुग्णाची माहिती ही विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, ही आमची भूमिका जुनीच आहे. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे तिला कायद्याचेही बळ मिळाले आहे.

या सर्व कामात अभियंत्यांनी सर्वाधिक वेळ दिला तो एका दोनशे पानी वहीला. प्रत्येक स्क्रिप्ट काय करते, कशी चालवावी, कोणते उत्तर आल्यास शंका घ्यावी आणि बंद पडल्यास प्रथम काय पाहावे, हे त्यांनी साध्या मराठीत लिहून ठेवले. फक्त आपल्यालाच चालवता येईल अशी स्क्रिप्ट मागे ठेवणे म्हणजे मदत नव्हे, ते ओझे आहे, असे ते म्हणत. आम्हांला तेव्हा हा आग्रह थोडा अतिरेकी वाटला होता.

पुढे नोकरीनिमित्त ते पुण्यास गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच एका सकाळी रात्रीची प्रत निघाली नसल्याचे आढळले. आमच्या नोंदणी विभागातील लिपिक भगिनींनी वही उघडली आणि त्यातील सूचनेप्रमाणे डिस्कवरील मोकळी जागा तपासली. ती संपली होती. जुन्या प्रती वहीत सांगितल्याप्रमाणे हलवल्यावर दुपारच्या आत काम पूर्ववत झाले. अभियंत्यांना दूरध्वनी करावा लागला नाही. संध्याकाळी आम्ही केला, तो केवळ हे कळवण्यासाठी. संगणकाचा कोणताही अभ्यासक्रम न केलेल्या त्या भगिनी आता वहीत स्वतःची पाने जोडत आहेत.

विनंती आणि ऋणनिर्देश

या अनुभवातून आम्ही एवढे शिकलो, की संगणकाने वाचवलेला वेळ माणसाकडे परत आला पाहिजे. नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्यास आता रुग्णाशी दोन शब्द बोलण्यास उसंत मिळते आणि त्या दोन शब्दांतच पाटील कोण व पटेल कोण, हे कळते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती आहे, की येताना जुना केसपेपर सोबत आणावा, नावाचे स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे सांगावे आणि एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असल्यास न विचारताही सांगावी. देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब ज्या काळजीने ठेवावयाचा, त्याच काळजीने प्रत्येक रुग्णाचे नाव ठेवण्याचा आमचा प्रयत्न राहील. ज्यांनी आपल्या सुट्टीचे दिवस या कामी दिले आणि त्याबद्दल आभारही स्वीकारले नाहीत, त्या अभियंत्यांचे ऋण आम्ही नाव न घेता येथे नोंदवीत आहोत.