निळा काटा, लाल काटा
मोटारीच्या एसीतला गॅस वापरून संपत नाही. पेट्रोल जळतं, ब्रेकचे पॅड झिजतात, ऑइल काळं पडतं. हा गॅस मात्र बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो हे खरं, पण एका वर्षात थंडावा जाईल इतका नाही. म्हणून दर एप्रिलमध्ये ‘गॅस भरून’ घ्यावा लागत असेल, तर गाडीला दुरुस्ती मिळालेलीच नाही असं मी ठामपणे म्हणेन. आणि गरम हवा येते म्हणजे गॅसच कमी आहे, असंही नाही.

माठातलं पाणी झिरपून वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. एसीतही काम वाफेचंच. सध्या आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत असणारा आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर ती उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेतून पुढे जाताना दाब एकदम पडतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळताना केबिनची उष्णता ओढून घेतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलला एसी दिला, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. तो थांबवायचा तर इंजिन बंद करून पट्टा काढावा लागे. आज बटण दाबलं की ‘टक्’ असा आवाज होतो, तो मॅग्नेटिक क्लचचा. जाणता कारागीर आधी तो आवाज ऐकतो, मग कंडेन्सरचा पंखा फिरतोय का बघतो, मग दोन्ही नळ्यांना हात लावतो. जाड नळी गार आणि घामेजलेली, बारीक नळी गरम, असं असायला हवं.

यानंतर गेज. निळं मीटर लो साइडला, लाल मीटर हाय साइडला. इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखे असतात, तीस अंशांच्या हवेत साधारण ९५ पीएसआयच्या आसपास. इथेच पुष्कळांची फसगत होते. आत थोडासाही द्रव शिल्लक असेपर्यंत हा दाब तापमानावर ठरतो, गॅसच्या मापावर नाही. गॅस निम्मा उरला असला तरी बंद गाडीवर काटा जवळपास तोच आकडा दाखवील. म्हणून गाडी चालू करून, ब्लोअर पूर्ण ठेवून दोन्ही काटे एकत्र वाचायचे. उन्हाळ्यात निळा तीस-चाळीसवर आणि लाल दोनशेच्या वर असेल तर मोठी चिंता नाही. दोन्ही खाली असतील तर गॅस गेलाय. दोन्ही वर असतील तर कंडेन्सरला वारा मिळत नाही, किंवा गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा शिरलीय. निळा वर आणि लाल खाली असेल, तर कॉम्प्रेसर दाब देईनासा झालाय. त्यात सिलिंडर रिकामा केला तरी उपयोग नाही.

सगळ्यात अवघड गाडी ती, जी निघताना छान गारवा देते आणि अर्ध्या तासाने गरम फुंकते. थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा गार. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती बरी झालेली असते, त्यामुळे तिला दोष दिसेपर्यंत चालवत ठेवायला हवं. त्या वेळी हवेचा झोतच मंदावला, तर कॉइलवर बर्फ धरलाय. केबिन फिल्टर आणि थर्मोस्टॅट तपासायचा. झोत भरपूर, पण क्लचची पुढची प्लेट थांबलेली, तर तापल्यावर क्लच पकड सोडतोय. तिथली फट मिलिमीटरच्या अंशात असते आणि झिजून वाढते. प्लेट फिरतेय पण निळा काटा शून्याखाली गेला, तर आतल्या ओलाव्याचा खडा व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतोय. तक्रार एक आणि दोष तीन! सिग्नलला गरम आणि हायवेला गार ही तक्रार त्या मानाने सोपी, बहुधा पंख्याची. दोन्ही काटे बरोबर, नळी गार, तरी हवा गरम असेल तर हीटरकडचा फ्लॅप अडकलेला असू शकतो.

गळती शोधणं हे चिकाटीचं काम. गॅसबरोबर ऑइलही फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग आणि त्यावर धूळ बसलेली दिसते: कंडेन्सरच्या खालच्या कडेला, ओ-रिंगपाशी, कॉम्प्रेसरच्या शाफ्टवर. डाग नसेल तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावतात. कूलिंग कॉइल फुटलेली निघाली, तर बऱ्याच गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो खर्च गाडी उघडण्याआधी सांगणारा कारागीर मला फार मोलाचा वाटतो.

नवा भाग बसला की निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारायचा. त्या निर्वातात आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून बाहेर पडतं. मग पंप बंद करून काटा जागचा हलत नाही ना हे बघायचं. ही पायरी गाळली की ओलावा आतच राहतो, आणि वरची अर्ध्या तासाची तक्रार महिन्याभरात परत येते. गॅस अंदाजाने नाही, वजनकाट्यावर भरायचा; बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या गाडीला बहुधा चारशे-पाचशे. जुना गॅस हवेत सोडू नये, यंत्राने ओढून घ्यावा. आर-१३४ए ओझोनला इजा करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो. एका छोट्या गाडीतला सोडून दिलेला गॅस अर्ध्या टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. इतकं झालं की मधल्या जाळीत थर्मामीटर अडकवायचा, इंजिन थोडं रेस करून ठेवायचं, आणि पारा दहाच्या आसपास स्थिरावेपर्यंत गेज काढायचे नाहीत.