आडवी बाटली आणि यादीतल्या मयत बाया

बाटली आडवी झाली की वर्तमानपत्रात फोटो येतो. गुलाल, फुगड्या, शटरला लागलेलं सील. त्याआधीचे महिने मात्र कुठल्याच फोटोत नसतात. तालुक्याची बातमीदारी करता करता बायांचे अर्ज लिहून देणाऱ्यांतला मी एक, त्यामुळे ते महिने जवळून पाहिलेत.

दारूचं दुकान मतदानानं बंद करण्याचा महाराष्ट्र सरकारचा आदेश 2008 चा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो आणि मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळेल इतकं सोपं, असं आम्हाला वाटायचं. एका गावात सरावासाठी खडूनं दोन्ही बाटल्या भिंतीवर काढल्या. एक आजी उठली, उभ्या बाटलीवर बोट ठेवून म्हणाली, "हिला पाडायचीय ना? मग शिक्का हिच्यावरच मारला पाहिजे. पडलेलीला कशाला मारायचं?" तर्कात खोट काढायला जागाच नव्हती. मतदानापर्यंत गल्लीत मग एकच पाठ चालला: "आडवी, आडवी."

सह्या गोळा करणं त्या मानानं सोपं. पडताळणीला बाईनं स्वतः हजर राहायचं, म्हणजे खुरपणीचा रोज बुडवायचा आणि घरात "कुठं चाललीस?"ला उत्तरही द्यायचं. पुढारी? सगळ्या गटांचा जाहीर पाठिंबा होता. ग्रामसभेत हात वर करायची वेळ आली तेव्हा एकाचं तालुक्याला काम निघालं, दुसऱ्याच्या पाहुण्यांकडं लग्न. मतदानाच्या दिवशी सकाळीच वेशीत फुकट देवदर्शनाची गाडी लागली. ती कुणी पाठवली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाडीत पाय टाकलेल्या जावेला एकीनं हाताला धरून खाली ओढलं. "देवी कुठं पळून चाललीय? उद्या जाऊ, आपल्या पैशानं."

पण खरा घोळ यादीत असतो. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. समजा, यादीत 800 बायांची नावं आहेत. 450 जणी आल्या, 390 जणींनी आडवी केली, 60 जणींनी उभी ठेवली. तरी दुकान चालू, कारण 401 भरली नाहीत. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. लग्न होऊन गेलेली, ऊसतोडीला गेलेली, वारलेलीसुद्धा. देवळाच्या ओट्यावर यादी वाचायला बसलो तेव्हा हे एकेका नावागणिक ध्यानात येत गेलं. एका नावाला एक बाई ताडकन उठली. "ही माझी सासू. दारूनं दोन पोरं नेली तिची. आता मेल्यावर तिचं मत दुकानदाराला व्हय?" नाव कमी करायची वेळ तोवर निघून गेली होती.

मग फोन सुरू झाले. पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या आल्या, एसटीचं भाडं वर्गणीतून दिलं. ऊसतोडीच्या फडावरून मुकादम सोडेना, तर काहींचा बुडालेला रोजही वर्गणीतूनच भरून दिला. एवढं करून आडवीला उभीच्या कितीतरी पट मतं पडली, आणि दुकान चालू राहिलं. रात्री दुकानासमोर फटाके वाजले.

एवढी यातायात करण्यापेक्षा सरकारकडं सरसकट बंदी का मागत नाही, असं शहाणी माणसं विचारतात. चंद्रपूरच्या बायांनी मागून पाहिली. 2010 च्या डिसेंबरात त्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये ती उठलीही. वरून आलेलं वरूनच परत जातं, हे आमच्या बायांनी तेव्हाच हेरलं होतं. बंदी टिकते की नाही, तिनं भलं होतं की चोरटी दारू वाढते, यावर वाद घालायला मी तयार आहे. पण आमच्या बायांना आपल्या गल्लीचा निर्णय आपल्या हातात हवा होता.

पुढं ग्रामपंचायत लागली. निम्म्या जागा महिलांना राखीव, त्यामुळे ग्रामसभेला गैरहजर राहिलेले पॅनेलवाले त्याच बायांच्या दारात उमेदवार शोधत आले. जावेला ओढणारीनं अट घातली, "उभी राहते. पण बैठकीला मी बसणार, हे घरी थांबतील." ती निवडून आली. त्यासाठी तिला समोरच्यापेक्षा एक मत जास्त पुरे होतं. आमदाराला, खासदारालाही तेवढंच लागतं. यादीतल्या एकूण नावांच्या निम्मी मतं मिळवण्याची सक्ती या राज्यात कुठल्याच पुढाऱ्यावर नाही, ती फक्त दारूचं दुकान बंद करू पाहणाऱ्या बाईवर आहे. हा निकष अन्यायाचा आहे. तो झालेल्या मतदानावर आणायला हवा.

तोवर, तुमच्या गावात कुणी सह्यांचा कागद काढत असेल तर आधी मतदारयादी वाचा. मयतांची आणि कायमच्या गेलेल्यांची नावं नमुना 7 भरून कमी करून घ्या. अर्ज त्यानंतर द्या.